तांबडा जुळेपर्यंत : काकांची चित्रं, माझे फोटो आणि ऑनलाइन विक्रीच्या नोंदी

८ जून २०२५

यंदा पाऊस २५ मेलाच उतरला. पर्यटक नेहमीपेक्षा आधी परतले आणि पडवीत मांडलेली काकांची चित्रं पुन्हा कपाटात गेली. काकांनी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर रोज सकाळी रंगवायला बसतात. पण ती चित्रं बघतं कोण? मालवणला फिरायला आलेला आणि वाट चुकून आमच्या वाडीपर्यंत पोचलेला माणूस. पावसाचे चार महिने तोही नाही. मला हे मनापासून लागतं.

म्हणून आज बसून ठरवलं. काकांची १२ जलरंग चित्रं आणि माझे ८ फोटो दिवाळीच्या आत ऑनलाइन मांडायचे. चित्रं मूळ, एकेकच. फोटोंच्या प्रत्येकी १५ प्रती, त्यानंतर ती प्रतिमा पुन्हा छापायची नाही.

कुठे मांडायचं याचा हिशेब दुपारभर केला. एट्सीवर एक वस्तू लावायला ०.२० डॉलर, ती चार महिने राहते, विकली गेली की किमतीच्या ६.५ टक्के कापले जातात. हे मला परवडण्यासारखं वाटलं, पण ते पुढच्या वर्षी, बाहेरदेशी पाठवायची तयारी झाल्यावर. शटरस्टॉकसारख्या ठिकाणी फोटो देणाऱ्याला १५ ते ४० टक्के मिळतात आणि दर जानेवारीत पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. तिथे पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली: रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचा) माझा फोटो कुठल्या जाहिरातीत कुठल्या मजकुराखाली जाईल याचा मला पत्ताही लागणार नाही. तूर्त स्वतःची छोटी साइट, सोबत व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, पैसे यूपीआयने.

काकांची अट एकच. "जा आसा ताच दिसाक होया."

१४ जून

पहिलं चित्र टिपायला घेतलं, 'पाणंद, जून'. पाव कागद, २८ × ३८ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (बुटक्या दगडी भिंती), मधून पावसाचं पाणी वाहतंय. ढगाळ उजेड होता. तो मऊ असतो, सावली पडत नाही, म्हणून फ्लॅश न वापरता पडवीतच चित्र भिंतीला लावलं, कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स चित्राच्या अगदी मध्यासमोर.

संगणकावर उघडलं तर गडगे पेटल्यासारखे दिसत होते. पाण्यातली करडी झाक गुलाबी, कागदाचा पांढरा भाग फिकट केशरी. मी स्क्रीनला दोष दिला, उजेड कमी केला, वाढवला. काका मागे येऊन उभे राहिले. चित्राकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग दाराबाहेर.

"अगो बाय, ह्यो तांबडो माझो न्हय. अंगणाचो तो."

आणि खरंच तसं होतं. पडवीपुढे अख्खं अंगण ओल्या तांबड्या मातीचं, खाली जांभ्याची पायरी, समोर जांभ्याचा गडगा. ढगांतून आलेला उजेड त्या सगळ्यावर आपटून चित्रावर पडतो आणि येताना रंग घेऊन येतो. डोळा हे सवयीने वजा करतो, कॅमेरा करत नाही.

१७ जून

तीन दिवस यातच गेले, पण आता रीत बसली. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या चित्राला पुन्हा चाचपडायला नको.

पडवी सोडली. मधल्या घरात, खिडक्या बंद. दोन सारखे एलईडी दिवे, चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत, सारख्याच अंतरावर. कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड, नाहीतर माझ्याच गुलाबी कुडत्याची झाक येते (आली होती). पहिली फ्रेम राखाडी कार्डाची (त्यावर कुठल्याच रंगाची झाक नसते), दुसरी २४ चौकोनांच्या रंगपट्टीची, तिसरी चित्राची. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) पांढरा समतोल, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची दुरुस्ती, राखाडी कार्डावरून ठरवायचा, अंदाजाने नाही. स्क्रीन आधी कॅलिब्रेट केलेली, म्हणजे यंत्राने रंग मोजून जुळवलेली हवी. ते यंत्र कोल्हापूरच्या मैत्रिणीकडून आठवड्यासाठी आणलं.

साइटसाठी फाइल एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत), लांब बाजू १६०० पिक्सेल. मोठी फाइल बाहेर द्यायची नाही. चित्रावर आडवं नाव मारायचं का? मला ते पटत नाही. विकत घेणाऱ्याला चित्र नीट दिसायलाच हवं.

काकांनी गडग्यात लाईट रेड वापरलाय. नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर १०१ लिहिलाय, म्हणजे लोहाचा ऑक्साइड. जांभ्याचा तांबडाही लोहाच्या ऑक्साइडचाच. काकांना हे सांगितल्यावर ते कितीतरी वेळ नळी हातात फिरवत बसले.

२९ जून

खोलीतली आर्द्रता ८८ टक्के. जुन्या ५० एमएम लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, कडेला. साफ होईल, पण काचेवरचा लेप गेला तर गेला. हवाबंद डबा, तळाशी सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० च्या मध्ये ठेवायचा. सिलिकाचे निळे मणी ओल शोषून गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे. काकूने त्या कामाला जुना तवा वेगळा काढून दिला.

१२ जुलै

काल पॅरिसहून बातमी आली. मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, त्यात आपला सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. सकाळपासून फोन वाजतोय. साइट अजून अर्धवट आहे आणि तिघांनी किल्ल्याचा फोटो मागितला.

माझ्याकडे सिंधुदुर्गाचा एकच फोटो आहे जो मला विकावासा वाटतो. किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी, तट पाण्यात अर्धा बुडाल्यासारखा. एकाने विचारलं, आकाश जरा लाल करून देता का? नाही म्हटलं. त्या दिवशी आकाश राखाडी होतं आणि तटाचा काळेपणा त्या राखाडीमुळेच उठून दिसतो.

किल्ल्याच्या आत ट्रायपॉड लावून काम करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अर्ज नंतर. आधी हातातलं काम.

२० जुलै

आज सगळ्या चित्रांचे रंग नळ्यांवरून तपासले. जे वर्णनात लिहायचं, ते आपल्याला माहीत हवं. काकांच्या डब्यात २६ नळ्या, काही शाळेच्या काळातल्या. एकेका चित्रापुढे काका बसले आणि कुठे काय लावलं ते सांगत गेले, मी लिहीत गेले. कागद सुती, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), ते ठीक. लोहाचे तांबडे-पिवळे, अल्ट्रामरीन, सगळे टिकाऊ.

अडलं ते 'संध्याकाळ, कोळंब खाडी' या चित्रावर. बारांमधलं सगळ्यात देखणं. त्यातला आकाशाचा गुलाबी आणि पाण्यातली त्याची छाया, दोन्ही अलिझारिन क्रिमसनचे, पीआर ८३. हा रंग उजेडात उडतो, आणि पातळ वॉशमध्ये (भरपूर पाणी घालून दिलेल्या थरात) तर लवकरच. काकांना ऐकून माहीत होतं, पण शाळेपासून हात त्याच नळीकडे जायचा.

मी म्हटलं, वर्णनात स्पष्ट लिहू, किंमत कमी करू. काका म्हणाले, विकायचंच नाही. "लोक दहा वर्सांनी भिंतीकडे बघतले आणि आकाशच नाय."

चित्र यादीतून काढलं. आता ११. एका कागदावर सहा रंगांचे पातळ पट्टे ओढले, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि दक्षिणेच्या खिडकीत चिकटवला. तारीख मागे लिहिली.

३ ऑगस्ट

साइट सुरू. पहिल्याच संध्याकाळी 'पाणंद, जून' गेलं. नागपूर, ६५०० रुपये. काकूने देवापुढे साखर ठेवली.

किंमत कशी काढली ते नोंदवते, कारण पुढे लोक विचारणारच. कागद, रंग, पाठीचा बोर्ड, पॅकिंग, पाठवणी मिळून ११०० च्या आसपास. काकांच्या त्या चित्रावर चार सकाळी गेल्या. त्या सकाळींना मोल लावायला काका तयार नव्हते, मीच लावलं. पाव कागदाची सगळी चित्रं एकाच किमतीला, आवडत्याला जास्त आणि नावडत्याला कमी असं करायचं नाही.

११ ऑगस्ट

नागपूरहून फोटो आला. चित्राचा कागद लाटेसारखा उठलेला, खालच्या कोपऱ्यात ओलीचा डाग.

कुरियरवाल्याचा यात काही संबंध नाही. डबा बाहेरून कोरडा, शाबूत. चूक माझी. मी ते चित्र ४ तारखेला भर पावसात पॅक केलं. आर्द्रता ९० च्या घरात होती, कागदाने ती पिऊन घेतली होती, आणि मी वरून प्लास्टिक चिकटवून हवाबंद केलं. म्हणजे आमच्या घरातली दमट हवाच कोंडून पाठवली. वाटेत रात्री गारवा, दुपारी ऊन, आतल्या हवेचं पाणी सुटलं.

पैसे परत केले. त्या ताई चित्र परत पाठवायला तयार होत्या, पाठवणीचा खर्च मी दिला. काका काही बोलले नाहीत. परत आलेलं चित्र त्यांनी मागून हलकं ओलं करून, दोन ब्लॉटिंग पेपरांत, वर पाट ठेवून दाबलं. कागद सरळ झाला. डाग राहिला.

पॅकिंगची नवी रीत: चित्र आधी दोन दिवस सिलिका जेलच्या पेटीत. पेटीतला काटा ५५ च्या खाली आला की त्याच दिवशी पॅक. आधी आम्लमुक्त टिश्यू, मग दोन्ही बाजूंना बोर्ड, मग प्लास्टिक, आत सिलिकाची पुडी. जलरंगाचं चित्र नळीत गुंडाळायचं नाही, सपाटच जाणार. फ्रेम आणि काच आम्ही देणार नाही. काच फुटते हे एक, आणि भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांत जे जास्त त्यावर लागतं हे दुसरं: सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात. सपाट पाकीट ५० × ४० × ४ म्हणजे १.६ किलो. तेच फ्रेमसह ६० × ५० × १० केलं की ६ किलो.

३० ऑगस्ट

गणपतीला चाकरमानी आले. घरात पाच दिवस माणसंच माणसं, आणि माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौदा मोबाइल. आरतीनंतर सगळ्यांना साइटवरचं एकच चित्र उघडायला लावलं आणि फोन माजघरातल्या चटईवर ओळीने मांडले, मध्ये मूळ चित्र.

चौदा तांबडे. एक विटकरी, एक जवळजवळ जांभळा, दोन भडक. तीन फोनवर पिवळसर, कारण त्यांत रात्रीचा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू होता. चुलतभावाच्या नव्या फोनवर रंग सुंदर दिसत होते, फक्त ते काकांचे नव्हते: स्क्रीनचं सेटिंग 'व्हिव्हिड' होतं. 'नॅचरल' केल्यावर तो फोन मूळाच्या सगळ्यात जवळ आला.

म्हणजे माझ्याकडून मी कितीही मोजून काम केलं तरी शेवटचा हात घेणाऱ्याच्या फोनचा. यावर उपाय पूर्ण नाही, पण दोन गोष्टी सुचल्या. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी: स्क्रीनचा रात्रीचा मोड बंद करून बघा, रंग नैसर्गिक ठेवा. आणि प्रत्येक चित्राचा आणखी एक फोटो, ज्यात चित्र काकांच्या हातात आहे. कातडीचा रंग कसा असतो हे डोळ्याला ठाऊक असतं. हात पिवळा दिसला की माणूस समजतो की स्क्रीन पिवळी आहे. शिवाय आकारही कळतो. ही युक्ती आत्याची.

२३ सप्टेंबर

कुडाळला सीएकडे. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. हाताने काढलेल्या चित्रांना हस्तकला म्हणून सवलत आहे, छापलेल्या फोटोंना नाही. दोन्ही विकायचे, म्हणून नोंदणी करून टाकली. चित्रांवरचा कर कालपासून १२ वरून ५ टक्के झालाय, हे बरं झालं.

५ ऑक्टोबर

पहाटे रापणीवर. होडी अर्धवर्तुळ मारून जाळं सोडत येते, मग किनाऱ्यावरून दोन्ही दोर ओढतात, दोन रांगा, पस्तीस-चाळीस माणसं, आणि शेवटी वाटे. गेल्या वर्षीचा माझा फोटो यातलाच: जाळ्याचा खोला (पिशवीसारखा मधला भाग) वाळूवर आलाय आणि चांदीसारखी मासळी उसळतेय, मागे ओढणाऱ्यांचे पाय. तो छापायच्या यादीत आहे, म्हणून ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांना दाखवून विचारायला गेले.

एका आजोबांनी फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला.

"ह्या काय लिवलंस? तारली?"

मी खाली लिहिलं होतं, 'तारलीची रापण'.

"पेडवे आसत ते. तारलेक आंग जाडा असता."

चौघांनी पाहिलं, चौघांनी पेडवेच सांगितले. मी मालवणात जन्मले, वर्षभर तो फोटो 'तारली' म्हणून मिरवला. तिथेच वाळूवर बसून मथळा बदलला. फोटो विकायला कुणाची ना नव्हती. दर प्रतीमागे दहावा हिस्सा रापण संघाच्या खात्यात द्यायचं ठरलं, ते मी लिहून दिलं. आजोबा म्हणाले, एक फोटो समाजमंदिरात लावायला दे. ती प्रत पंधरांच्या बाहेरची, मागे तसं लिहून देईन.

१८ ऑक्टोबर

किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टने जुलैत काकांचं 'माडाखालचा मांगर' मूळ चित्र घेतलं होतं. आज एका पाहुण्याने त्यांच्या मेनूकार्डाचा फोटो पाठवला. मुखपृष्ठावर तेच चित्र, काकांची सही कापलेली.

मालकांना फोन केला. ते अजिबात वाईट माणूस नाहीत, त्यांना खरंच वाटलं होतं की पैसे मोजले म्हणजे चित्र सर्व अर्थांनी आपलं. कागद त्यांचाच आहे. भिंतीला लावावा, विकावा, भेट द्यावा. पण छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो; १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार तो हस्तांतरित करायचा तर लेखी लागतो, आणि हयातीनंतरही ६० वर्षं तो वारसांकडे असतो. सही कापणं तर वेगळाच विषय, आपल्या कामावर आपलं नाव असणं हा कर्त्याचा हक्क आहे. सगळं शांतपणे बोलले. मेनूकार्डं पुन्हा छापतायत, सहीसह, वर्षभराच्या वापराचे वेगळे पैसे देऊन.

बोलण्यात दुसरंही निघालं, ते माझ्या अंगाशी आलं. त्यांच्या खोल्यांचे फोटो मी मार्चमध्ये पैसे घेऊन काढले होते, करार केला नव्हता. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट काही ठरलं नसेल तर, काढून घेणारा असतो. त्यातला खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचा एक फोटो मी माझ्या आठात धरला होता. काढून टाकला. आता ७. आजपासून करारपत्राशिवाय कॅमेरा उघडायचा नाही, आणि प्रत्येक मूळ चित्रासोबत जाणाऱ्या प्रमाणपत्रावर एक ओळ: छापण्याचे हक्क चित्रकाराकडे.

१४ नोव्हेंबर

दिवाळी चांगली गेली. काकांची पाच चित्रं गेली, सगळी कोरडी पोचली.

पुण्याहून छापील प्रती आल्या. सुती कागद, ३०८ जीएसएम, पिगमेंट शाई. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० × ४०००. इंचाला ३०० ठिपके धरले तर १३ × १९ इंचांपर्यंत फोटो स्वच्छ येतो. त्याहून मोठा कुणी मागितला तर सध्या नाही म्हणते. चाचणी प्रत आधी मागवली होती ते बरं. तटाचा काळा त्यात सपाट आला होता, दगडांचे सांधे बुडाले होते, कारण मॅट कागदावर काळा तेवढा खोल जात नाही. सावल्या थोड्या उचलून दुसरी चाचणी, मग सगळ्या.

प्रतींवर खाली पेन्सिलने आकडा, मथळा, सही. १/१५ लिहिताना हात जड झाला होता.

७ डिसेंबर

हिशेब: मूळ चित्रं ११ पैकी ७ गेली, फोटोंच्या १९ प्रती. रापण संघाचा हिस्सा जमा केला. 'पाणंद, जून' डागासह पुन्हा मांडलं होतं, डागाचा जवळून काढलेला फोटो लावून, अर्ध्या किमतीत. ते नागपूरच्या त्याच ताईंनी घेतलं.

आज खिडकीतली पट्टी काढली. साडेचार महिने, त्यातले बरेचसे ढगाळ. काकांनी स्वतः काळा कागद सोलला. लाईट रेड दोन्ही बाजूंना तोच, रेघ कुठे होती ते शोधावं लागलं. अल्ट्रामरीन तोच. अलिझारिनचा झाकलेला अर्धा डाळिंबासारखा, उघडा अर्धा धुतलेल्या साडीसारखा.

काकांनी पट्टी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. अलिझारिनची नळी वेगळी काढली. गेल्या आठवड्यात क्विनॅक्रिडोन रोझ मागवला होता, नळीवर पीव्ही १९. कोळंब खाडीची ती संध्याकाळ त्यांनी पुन्हा रंगवायला घेतलीय, जुनं चित्र शेजारी मधल्या घराच्या अंधाऱ्या भिंतीवर. नवा गुलाबी जरा थंड आहे, म्हणून त्यात चिमूटभर लाईट रेड. दोनदा जमलं नाही. तिसरा कागद आता पेटीत सुकतोय, काटा ६१ वर आहे. ५५ ला आला की टिपायला घेते.